लिलाववाला ठशाकडे

बाबांच्या कामाच्या खोलीचं दार मुळातच तिरकं बसलेलं होतं. उघडं ठेवलं की क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबायचं, मग पाठीमागून कुणी हलकेच लोटावं तसं फिरत चौकटीपर्यंत जायचं आणि बद्द असा आवाज करून मिटायचं. धाडकन नाही, खट्कन नाही. बद्द. हा आवाज तिच्या कानात दहाव्या वर्षी बसला, आणि बसला तेव्हा तो दाराचा नव्हता.

बाबा जाऊन सात आठवडे झाले होते. वाचनालयातली सकाळची पाळी संपली की ती बस बदलून इथे यायची, खोली उघडायची, खुर्ची ओढून बसायची, आणि पाठीमागे दार मिटलं की दचकायची. रोजच्या रोज. दाराला काहीतरी टेकण लावायचं, एवढी साधी गोष्ट. एखादी वीट, नाहीतर रद्दीचा गठ्ठा. पण त्या दाराशी काही ठेवायचं म्हटलं की तिचा हात मागे यायचा. का, ते तिला माहीत होतं. आणखी कुणाला माहीत असलंच तर एकाच माणसाला, आणि तो आता विचारण्यापलीकडे गेला होता.

बाबा कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे. बाबा त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचे, साच्यावर गुलाबी मेण चढवायचे आणि मेणात एकेक दात बसवायचे. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांनी केलेल्या दातांनी हसायची. काम संपलं तरी साचा टाकायला त्यांचा जीव व्हायचा नाही. "उद्या कवळी फुटली तर तो बिचारा पुन्हा आ वासून बसणार का?" म्हणायचे. त्यामुळे खोलीच्या तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर जबडेच जबडे. प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव. त्यांतले बहुतेक लोक केव्हाच गेलेले. "इतकी उघडी तोंडं आणि एकही बोलत नाही," असं आई म्हणायची आणि केर काढायला आत पाऊल टाकायची नाही. आता आईही नव्हती.

चौथ्या भिंतीशी कपाट. कपाटात लाकडी पेटी, पेटीत सात ट्रे, आणि ट्रेच्या गोल खणांत रोमची चांदीची नाणी.

बाबांचं जमवणंही उलटंच. मोठ्या राजांची नाणी कुणीही जमवतं, म्हणायचे. वीस वीस वर्षं राज्य केलेल्यांनी टोपल्या भरभरून पाडलीत. आपल्याला हवेत अल्पायुषी. तीन महिने टिकलेला, ऐंशी-पंच्याऐंशी दिवस टिकलेला, गादीवर नीट बूड टेकायच्या आत उठवला गेलेला. त्यांची नाणी आधीच थोडी, म्हणून दुर्मिळ; त्यातल्या त्यात झिजकी असली तर कवळ्या करणाऱ्यालाही मिळायची. ती लांबलचक नावं घरात कुणाच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून बाबांनी प्रत्येकाला टोपणनाव दिलं होतं. केसांचा टोप घालणारा तो टोपवाला. हनुवटीखाली तीन वळ्या असलेला तो जेवणभाऊ. शिपायांना शिस्त लावायला गेला आणि त्यांच्याच हातून मेला तो हेडमास्तर. हेडमास्तराला मारल्यावर शिपायांनी गादीचा चक्क लिलाव पुकारला. चढी बोली लावून ती ज्याने घेतली आणि सहासष्ट दिवसांत मुंडकं गमावलं, तो लिलाववाला.

लिलाववाला मिळायला बाबांना अकरा वर्षं लागली. तो आला त्या दिवशी त्यांनी दोनदा हात धुतले, हे तिला आठवत होतं.

बाबांनी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. पेटी नाणेवाल्याला द्यावी. त्याला पारख आहे, मला नुसती माया होती. मग एकाखाली एक टोपणनावं आणि प्रत्येकापुढे 'नाणेवाल्याकडे'. टोपवाला नाणेवाल्याकडे. जेवणभाऊ नाणेवाल्याकडे. हेडमास्तर नाणेवाल्याकडे. फक्त एका ओळीत निराळं होतं: लिलाववाला ठशाकडे.

वाचून तिला नवल वाटलं नव्हतं. नवं नाणं आलं की पहिल्याच दिवशी त्याचं माप घ्यायचं, दातांचं घेतात तसंच, ही बाबांची पद्धत. मापाच्या ओल्या लगद्यात नाणं दाबायचं, खळग्यात प्लास्टर ओतायचं, की नाण्याएवढाच पांढरा ठसा तयार. पाचव्या ट्रेतल्या शेवटच्या खणात लिलाववाला नव्हता, त्याचा तो पांढरा ठसा होता. नाणं नाही, ठसा बघावा. एवढाच त्या ओळीचा अर्थ. तिने खणाकडे लांबूनच पाहिलं होतं. हात लावला नव्हता.

ते नाणं कुठे गेलं, हे तिच्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार?

छत्तीस वर्षांपूर्वी दर रविवारी काका यायचा. बाबांचा धाकटा भाऊ. थिएटरच्या तिकीटखिडकीवर बसायचा आणि हातात येईल ते प्रत्येक नाणं संगमरवराच्या फळीवर आपटून घ्यायचा. "खणखणीत ते खरं, बद्द ते बनावट," हे त्याचं ज्ञानसर्वस्व. घरी आला तरी खोड जायची नाही. "दादा, एकदा वाजवू दे की तुझा लिलाववाला. कुणीतरी टोपी घातली असेल तर कळेल तरी."

"वाजवायला ती काय घंटा आहे?" एवढंच बाबा म्हणायचे. का वाजवायचं नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं, हे त्यांच्या लक्षातच आलं नसणार. ज्याला जे नीट माहीत असतं ते त्याला सांगण्यासारखं वाटत नाही.

त्या रविवारी दोघे भाऊ कुणाच्या तरी बिघडलेल्या स्कूटरभोवती खाली उभे होते. आई झोपली होती. तिला फक्त काकाला वर आल्या आल्या सांगायचं होतं, की खरा आहे, मी वाजवून बघितलाय. प्लास्टर कालवायच्या संगमरवरी लादीवर तिने वीतभर उंचीवरून नाणं सोडलं.

बद्द.

लादीवर नाण्याचे दोन तुकडे आणि एक कपचा पडला होता. आतून चांदी चांदीसारखी नव्हती. मिठाच्या खड्यासारखी करडी, रवाळ होती. नाणं बनावट होतं, हे तिला आधी कळलं; बाबांना फसवलं गेलं; आणि ते आपल्यामुळे उघडकीला आलं. मग जिन्यात काकाचं हसणं ऐकू आलं. शेजारी रबरी वाटीत उरलेलं प्लास्टर होतं. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, अंगाला ताप असावा तसं. त्या उबेत तिने तिन्ही तुकडे खोल दाबले, वरून बोट फिरवलं आणि फ्रॉकला हात पुसले.

बुधवारी बाबांनी पेटी उघडली. आईला विचारलं. पलंगाखाली, कपाटामागे, केराच्या डब्यात बघितलं. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बोलले असते, असं ती पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिली, आणि तिशीनंतर कधीतरी ते सांगणं बंद झालं.

पुढच्या रविवारी काका आला. चहा झाला. बाबांनी ट्रे दाखवले नाहीत. पेटी मिटली, किल्ली फिरवली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. त्या पेटीला किल्ली असते हे त्या दिवसापर्यंत घरात कुणालाच माहीत नव्हतं. काकाने आधी खिशाकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे. "बरंय दादा, निघतो," म्हणाला. खोलीबाहेर पडला आणि पाठीमागे दार आपोआप मिटलं तेव्हा तो पाठमोरा तसाच थोडा वेळ उभा होता. तिने बाहेरून पाहिलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

रविवारचा काका त्यानंतर लग्नाकार्यापुरता, अंत्ययात्रेपुरता उरला. "चोर म्हणालो का मी त्याला?" बाबा आईला म्हणाले होते. "हौसेने वाजवलं असेल, मोडलं असेल. मोडलं तर मोडलं म्हणायचं. तोंड आहे ना?" आईने हे तिला खूप नंतर सांगितलं, सहज, भाजी निवडताना. तिच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

पण सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. रबरी वाटीतलं उरलेलं प्लास्टर दुसऱ्या दिवशी उपडं करून टाकायचं असतं. त्या सोमवारी तो अर्धगोल गोळा इतका सुबक निघाला, की बाबांनी तो टाकला नाही. आधी कोपऱ्यात ठेवला, आणि काका निघून गेल्यावर पायाने सरकवत नेऊन दाराला लावला. "बघ, आता हे मिटायचं नाही," म्हणाले.

चार वर्षं दार उघडं राहिलं. चार वर्षं तो पांढरा गोळा उंबऱ्याशी बसून होता आणि ती त्याच्यावरून येत-जात होती. शाळेचा निकाल दाखवायला, चहा द्यायला, हाक मारायला. तापात तिला एकदा तो गोळा श्वास घेताना दिसला. आणि चौदाव्या वर्षी एक दिवस ती शाळेतून आली तेव्हा खोलीचं दार मिटलेलं होतं. गोळा नव्हता.

फुटला होता? की आईने टाकला? की बाबांनी? तिने विचारलं नाही. त्या रात्री बाबा जेवताना नेहमीसारखेच बोलत होते. आमटीत मीठ जास्त झालंय म्हणाले. खणात ठसा कधी आला तेही तिने पाहिलं नाही, कारण पेटीकडे ती बघतच नसे. बत्तीस वर्षं ती बापाच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट शोधत राहिली: यांना माहीत आहे का? माहीत असेल, तर आपल्यासाठी यांनी सख्ख्या भावाला तसंच सोडून दिलं का? शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात त्यांचा हात हातात घेऊन बसली असतानाही तिला तेच विचारायचं होतं, आणि ती म्हणत होती, "पाणी देऊ का?"

आता गुरुवारी पेटी जाणार होती. पेटी गेली की बोलायला निमित्तही उरणार नव्हतं. मंगळवारी तिने फोन केला.

"काका, मी बोलतेय."

"कोण मी?"

"दादांची मुलगी."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला. "बोला."

"गुरुवारी बाबांची नाणी जाणार आहेत. त्याआधी तुम्ही एकदा यावं, असं वाटतं. अकरा वाजता."

"मी कशाला? काही कमी भरलं तर जवळपास असावा म्हणून?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गंमत केली," काका म्हणाला, पण आवाजात गंमत नव्हती. "बघतो. गुडघे काय म्हणतात त्यावर."

तिने अकराची वेळ मुद्दाम दिली होती. नाणेवाला बाराला यायचा होता. तासभर पुरेल, असं तिला वाटलं होतं. काका बाराला आला, आणि जिन्यात नाणेवाल्यालाच गाठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून वर आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, वाळलेला, कवळी पांढरीशुभ्र. उंबऱ्याशी थबकला, आत पाहिलं आणि म्हणाला, "जबडे वाढलेत."

"बसा ना. पाणी आणू तुम्हाला?"

"तुम्ही?" काका म्हणाला. "मी 'तुम्ही' कधीपासून झालो? पाठीवर बसून 'काका, चल घोड्या' करायचीस." आणि तिने काही म्हणायच्या आत खुर्चीत बसला. दार मिटलं. बद्द. दोघांनीही तिकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर काढून घेतली.

नाणेवाला बुटका, गप्पिष्ट माणूस. टेबलावर काळं कापड पसरून त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक नाणं दोन बोटांत कडेने धरून बघू लागला. "काय माणूस होता, ताई. झिजकीच घ्यायचे, पण खोटं एक नाही. हा टोपवाला. हा बघा, गाल कसा वर आलाय याचा." वही शेजारी उघडी होती, प्रत्येक ओळीपुढे तो बारीकशी खूण करत होता. काका हातावर हात ठेवून बसला होता, काहीच न हलवता. दुकानात मौल्यवान वस्तूंजवळ बसवलेली माणसं बसतात तसा. त्याने हात मुद्दाम दिसतील असे ठेवलेत, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला खिडकीकडे वळावं लागलं.

आता बोलू, म्हणत दुसरा ट्रे संपला. आता, म्हणत चौथा.

"पाचव्यातला शेवटचा," नाणेवाला म्हणाला. "लिलाववाला ठशाकडे. म्हणजे ठसा इथेच ठेवायचा, बरोबर? मला बघू तर द्या." त्याने पांढरा ठसा भिंगाखाली धरला. मग ठसा उजेडाकडे तिरका केला. "गंमत आहे. गालावरून कानापर्यंत केसाएवढी रेघ आहे. प्लास्टरला तडा गेला असता तर पाठीमागेही आला असता. मागे साफ आहे." त्याने ठसा उलटा केला. "म्हणजे रेघ नाण्यातच होती. ताई, हा मोडलेल्या नाण्याचा ठसा आहे. जोडून ठेवून घेतलेला. मागे साल लिहिलंय बघा."

तिने पेन्सिलीतला आकडा वाचला. ती चौदा वर्षांची होती, ते साल.

नाणेवाल्याने रिकाम्या खणात बोट घातलं. "आणि खाली काहीतरी आहे." चिमट्याने त्याने मखमलीचा गोल उचलला. त्याखाली गुलाबी मेणाची चकती होती आणि त्या मेणात, कवळीत दात बसवतात तसे, दोन तुकडे आणि एक कपचा एकमेकांना भिडवून बसवले होते. कडा मेणाने इतक्या निगुतीने घेतल्या होत्या की वरून बघणाऱ्याला अख्खा चेहरा दिसावा. दाढी, कुरळे केस, सहासष्ट दिवसांचा तो राजा.

खोलीत कुणी बोललं नाही. फळ्यांवरचेही.

"म्हणजे नाणं घरातच होतं," काका सावकाश म्हणाला.

"कुणीतरी वाजवलं असणार," नाणेवाला म्हणाला. "लोकांना वाटतं चांदी खणखणली पाहिजे. नवी खणखणते. दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून रवाळ होते, बिस्किटासारखी. खरी असली तर बद्दच वाजते, आणि वाजवली की गेली. बद्द वाजलं म्हणजे खरं होतं." त्याने चकती हलकेच कापडावर ठेवली. "साहेबांच्याच हातून पडलं असेल. मोठ्या जमवणाऱ्यांच्या हातून होतं असं. मग ते कुणाला दाखवत नाहीत. लाज वाटते."

काका तिच्याकडे बघत नव्हता. चकतीकडे बघत होता. "दादाच्याच हातून," तो म्हणाला. "आणि मला किल्ली."

एवढं ऐकून ती गप्प बसली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. काकावरचा डाग गेला असता, तिचं नाव कुठे आलं नसतं, आणि गेलेल्या माणसाला त्याने काय फरक पडणार होता? त्यांनी जिवंतपणी ते तिच्यासाठी झाकलं होतंच. मेल्यावरही झाकलं असतं. तिला तो गोळा आठवला. उंबऱ्याशी बसलेला, पांढरा.

"त्यांच्या हातून नाही," ती म्हणाली. "माझ्या."

तिने सगळं सांगितलं. लादी, वाटी, गरम प्लास्टर, गोळा. आवाज स्थिर होता. कुणाच्या तरी पुस्तकातलं पान वाचावं तसा. नाणेवाला उठला, "मी जरा खाली फोन करून येतो," म्हणाला आणि गेला. दार मिटलं.

काकाने मिटल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "दहाची होतीस."

"हो."

"दहाच्या पोरीला काय म्हणायचं? काही नाही. पण मग तू वीसची झालीस. मग तीसची. तुझ्या लग्नात मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, आठवतं? तेव्हा सव्वीसची होतीस."

"हो."

"तुझी काकू मरेपर्यंत विचारायची, 'खरं सांगा, तुम्ही नाही ना घेतलं?' बायको होती माझी."

क्षमा मागायला शब्द होते, चांगले, वाचलेले. ते सगळे तोंडात प्लास्टरसारखे घट्ट होऊन बसले.

काकाने वही ओढून घेतली. डोळ्यांपासून लांब धरून ती ओळ वाचली आणि नाकातून हसला. "लिलाववाला ठशाकडे. हे तू काय समजलीस?"

"नाणं नाही, ठसा बघावा."

"लायब्रीत एवढी वर्षं काय करतेस? बाकी सगळे कुणाकडे? नाणेवाल्याकडे. माणसाकडे. मग हा ठशाकडे म्हणजे?" त्याने वही तिच्यापुढे सरकवली. "जन्मलीस तेव्हा तुझं तोंड बघून मी म्हटलं, 'दादा, हा तर निव्वळ बापाचा ठसा.' पाच-सहा वर्षांची होईपर्यंत मी तुला दुसऱ्या नावाने हाकच मारली नाही. ठसे, इकडे ये. ठसे, गोळी खाणार का? विसरलीस?"

ती विसरली नव्हती. फक्त ते नाव काकाबरोबर घरातून गेलं होतं, आणि परत येईल असं तिला वाटलं नव्हतं. बाबांच्या अक्षरात तर नाहीच. लिलाववाला ठशाकडे. जिने मोडला तिच्याकडे. रागाने नाही; तुकडे मेणात बसवून, कडा घेऊन. ते तिला काही विचारत नव्हते. देत होते. बत्तीस वर्षांत तिने एकदा खणात बोट घातलं असतं तर.

"गोळ्यात माझ्या बोटांच्या खुणा असणार. त्यांना कळलं होतं," ती म्हणाली. "तरी तुला सांगितलं नाही."

'तू' तोंडातून कसं निघालं, ते तिला कळलंही नाही. काकाला कळलं.

"सांगितलं," तो म्हणाला. "अर्धं. तुझी काकू गेल्यानंतर, माझे दात गेले तेव्हा. मी काही इथे येणार नव्हतो, दुसरीकडे जाणार होतो कुठेतरी. तर हाच दारात उभा, हातात मापाची पिशवी. 'आ कर,' म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाला म्हणायला हेच सापडलं त्याला. तोंडभर तो लगदा कोंबला, वरून अंगठा दाबून धरला, आणि मग म्हणतो, 'मी चुकलो. किल्ली उगाच फिरवली. नाणं सापडलंय. कुणी केलं ते विचारू नकोस.' आता मी काय विचारणार? तोंडात त्याचा अंगठा. नुसतं आँ आँ. तीन मिनिटं. माप काढलं, पिशवीत टाकलं आणि दाराबाहेर. मी तोंड धुऊन येईतो गेला पण."

"मग तू आला का नाहीस?"

"त्याने 'ये' म्हटलं नाही." काकाने वही मिटली. "आणि मी 'येऊ का' म्हटलं नाही. एकाच आईची लेकरं. कुणी केलं असेल, त्याचा मात्र विचार करायचो. तुझी आई, म्हणायचो. तू कधी मनात आली नाहीस. लहान होतीस ना माझ्या मनात. तेवढीच राहिलीस."

तो उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, दोन टप्प्यांत. तिने हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही, टेबलाची कड धरली. क्षमा केली म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. दार स्वतः उघडलं आणि बाहेर पडला.

दार क्षणभर थांबलं. मग फिरलं, हळूहळू, आणि बद्द असा आवाज करून मिटलं.

पलीकडे पावलं वाजली नाहीत. तो जिन्याकडे गेला नव्हता. दाराच्या त्या बाजूला पाठमोरा उभा होता, तसाच, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या कशा असतील ते तिला दार न उघडताही दिसत होतं.

ती वळली. फळ्यांवरचं काहीतरी जड हवं होतं. हात आपोआप खालच्या फळीवर गेला, तिथे एक बोळक्या जबड्याचा साचा होता, एकही दात नसलेला, पायाशी भरपूर प्लास्टर ठेवून केलेला. पेन्सिलीने लिहिलं होतं: धाकटा. तिने दार पुरतं उघडलं, भिंतीपर्यंत नेलं आणि साचा खाली टेकवला. दार त्याला येऊन भिडलं, एकदा हललं आणि राहिलं.

काकाने वळून पाहिलं. दाराकडे, मग खाली.

"माझं बोळकं लावलंस दाराला?"

"हाताला तेच आलं."

तो बघत राहिला. दार मिटलं नाही. खोलीतला उजेड बाहेर बोळात त्याच्या चपलांपर्यंत आला होता.

"उगाच फुटेल ते," काका म्हणाला. "वीट आण एखादी." आणि मग, आत यावं की नाही ते न ठरवता, चौकटीवर हात टेकून उभा राहून, "त्या नाणेवाल्याचा फोन संपला का बघ. आणि ठसे, पाणी देणार होतीस."